एकाच टायरची आतली कड झिजते तेव्हा: ‘कॅम्बर सेट होत नाही’ याचा खरा अर्थ

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपली हॅचबॅक पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी आहे आणि टायर १६५/८० आर १४ मापाचे आहेत. आपले चिरंजीव ती रोज इंदूरच्या लोकमान्यनगरहून पीथमपूरला नेतात, आणि महिन्यातून एकदा सिमरोल व भेरूघाट उतरून ओंकारेश्वरची फेरी होते. टायर नवे असताना खाचांची खोली सर्वत्र ८ मिमी होती. ११,००० किमी झाल्यावर, मागच्या पावसाळ्यात, डावे पुढचे चाक खंडवा मार्गावरील एका खोल खड्ड्यात आपटले. आता १८,००० किमी झाले आहेत. डाव्या पुढच्या टायरची खोली आत १.९, मध्ये ४.८ आणि बाहेर ५.२ मिमी आहे. उजव्याची आत ४.४, मध्ये ४.९ आणि बाहेर ५.० मिमी. दरम्यान दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याचे काम, झाले. दोन्ही कागदांवर टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची दिशा, हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत आहे; पण डावा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल, उणे १ अंश २५ मिनिटे असा लाल रंगात आणि उजवा उणे २० मिनिटे आहे (उणे म्हणजे माथा आत; एका अंशाची ६० मिनिटे). गाडी किंचित डावीकडे ओढते. दुकानदाराचे म्हणणे असे की या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, तेवढे चालते, दोन नवे टायर टाकून पुन्हा अलाइनमेंट करून घ्यावे.

नवे टायर आज टाकू नयेत. तसे केल्यास त्यांचीही तीच गत होईल. ज्या माणसाने तो कागद आपल्या हातात दिला त्याच्या यंत्राने दोष आधीच दाखवलेला आहे, फक्त त्याचा अर्थ लावला गेला नाही. कॅम्बर सेट होत नाही हे दुकानदाराचे वाक्य आपल्या गाडीपुरते खरे आहे. परंतु ज्या कोनाला फिरवायला बोल्टच दिलेला नाही तो कोन बिघडला, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की तो कोन धरून ठेवणारा एखादा भाग वाकला आहे, सरकला आहे किंवा ढिला झाला आहे, आणि तो भाग शोधून बदलावा लागेल. ‘सेट होत नाही, म्हणून चालू द्या’ हा त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आपण खोलीमापकाने प्रत्येक टायरची तीन ठिकाणी मापे घेतलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण त्यामुळे अंदाजाऐवजी हिशेब करता येतो. डाव्या टायरची बाहेरची खाच १८,००० किमीत २.८ मिमी झिजली, म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ०.१५ मिमी. ही निरोगी झीज आहे. खड्ड्यात आपटेपर्यंत आतली खाचही याच वेगाने झिजत होती असे धरले, तर ११,००० किमीला ती ६.३ मिमीच्या आसपास असणार. तेथून १.९ पर्यंत ती केवळ ७,००० किमीत आली, म्हणजे हजार किलोमीटरला ०.६ मिमीहून अधिक, चौपट वेगाने. आपल्याकडे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिमी खोली कायद्याने आवश्यक आहे आणि खाचांच्या तळाशी असलेली उंचवट्याची खूण त्याच पातळीवर असते. आपल्या टायरच्या आतल्या कडेला त्या पातळीच्या वर ०.३ मिमी उरले आहेत. आजच्या वेगाने ते ५०० किमीसुद्धा पुरणार नाहीत, म्हणून हा टायर घेऊन ओंकारेश्वरला जाऊ नये. आतली कड बाहेरून उभे राहून दिसत नाही; स्टेअरिंग पूर्ण वळवून किंवा खाली वाकून पाहिल्याशिवाय तिची अवस्था कळत नाही, आणि नेमकी तीच कड तारांपर्यंत झिजून घाटउतारावर फुटण्याची भीती असते.

आता कारणाकडे वळू. झीज वाचताना माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की ती एकाच टायरवर आहे की दोन्हींवर. टो म्हणजे वरून पाहताना दोन्ही पुढची चाके एकमेकांकडे झुकलेली आहेत की फाकलेली आहेत हे सांगणारे माप. यंत्रावर ते डावे आणि उजवे असे वेगळे छापले जाते खरे, पण रस्त्यावर गाडी सरळ धावताना स्टेअरिंग आपोआप अशा जागी स्थिरावते की एकूण टो दोन्ही चाकांत जवळपास सारखा वाटला जातो. त्यामुळे टोचा दोष असेल तर दोन्ही टायर त्याची किंमत मोजतात. टो आत गेलेला असेल तर दोन्हींची बाहेरची कड झिजते, बाहेर गेलेला असेल तर दोन्हींची आतली. एकाच टायरची एकच कड झिजली असेल तर त्या बाजूचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलणे, हा पहिला संशयित ठरतो.

आपल्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत असे माझे मत आहे. उजव्या टायरकडे पाहा. तेथेही आतली खाच बाहेरच्यापेक्षा ०.६ मिमीने जास्त झिजली आहे. उजवा कॅम्बर जवळजवळ निर्दोष असताना हे का व्हावे? शिवाय उणे दीड अंशाच्या आतला कॅम्बर एकट्याने इतक्या वेगाने टायर खात नाही. कित्येक गाड्या कारखान्यातूनच उणे एक अंशाच्या आसपास कॅम्बर घेऊन येतात आणि त्यांचे टायर नीट चालतात. याचा अर्थ असा की गाडी धावताना टो बाहेर जात आहे, त्याचे घासणे दोन्ही टायरांवर येत आहे, आणि डाव्या टायरचे वजन कॅम्बरमुळे आधीच आतल्या कडेवर एकवटलेले असल्याने तेथे त्याचा परिणाम कित्येक पटींनी दिसत आहे. उणे कॅम्बर आणि बाहेरचा टो या जोडीइतका टायरचा घात दुसरे काही करत नाही.

टोचा थोडासा दोष इतका का खातो, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एका चाकाचा टो केवळ ०.१ अंश, म्हणजे ६ मिनिटे चुकला, तर ते चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर आडवे ओढले जाते. १०,००० किमीत हे अंतर साडेसतरा किलोमीटर होते. रबर लवचीक असल्यामुळे त्यातला काही भाग ते वाकून सामावून घेते. उरलेला भाग झिजेच्या रूपाने रस्त्यावर राहतो.

टोचा माझा अंदाज आपण घरीच तपासू शकता. गाडी सावलीत उभी करून हँडब्रेक ओढा, टायर थंड होऊ द्या, आणि डाव्या व उजव्या टायरच्या धावेवरून तळहात आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. आतल्या कडेवर तार उघडी पडलेली नाही याची आधी डोळ्यांनी खात्री करून घ्या, नाहीतर हात कापेल. टो बाहेर असेल तर आतून बाहेर जाणारा हात गुळगुळीत सरकतो आणि बाहेरून आत येणाऱ्या हाताला करवतीसारखे दाते लागतात. टो आत असेल तर याच्या उलट अनुभव येतो. दाते अजिबात नसतील आणि कड नुसतीच सपाट, गुळगुळीत झिजलेली असेल, तर दोष प्रामुख्याने कॅम्बरचा. माझ्या कार्यशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिला महिनाभर यंत्राला हात लावू देत नाही, हेच काम करायला लावतो. टायरवर गेल्या कित्येक हजार किलोमीटरांची नोंद असते आणि यंत्र फक्त त्या क्षणी उभ्या असलेल्या गाडीचे माप सांगते.

झिजेचे इतर नमुने आपल्याला लागू नाहीत, म्हणून त्यांचा केवळ उल्लेख करतो. दोन्ही कडा झिजून मधला भाग उरला तर हवा कमी राहिली, मधला भाग झिजून कडा उरल्या तर हवा जास्त राहिली. धावेवर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले तर शॉकर दमले आहेत, किंवा बॅलन्सिंग अथवा बेअरिंगमध्ये दोष आहे. घाटात वळणे वेगाने घेणाऱ्या गाडीच्या दोन्ही पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा गोल होतात आणि त्यावर कोणतेही अलाइनमेंट उपाय ठरत नाही.

आता गाडी डावीकडे ओढते, या तक्रारीचा विचार करू. ती आपल्याला किरकोळ वाटली, पण मला तीच सर्वांत बोलकी वाटते. गाडी नेहमी ज्या चाकाचा कॅम्बर अधिक धन, म्हणजे माथा अधिक बाहेर, त्या बाजूला ओढते. आपले उजवे चाक डाव्याच्या तुलनेत एका अंशाहून अधिक धन आहे. केवळ कॅम्बरचा प्रश्न असता तर गाडी उजवीकडे जायला हवी होती. ती डावीकडे जाते, म्हणजे कॅम्बरच्या ओढीवर मात करणारे दुसरे काहीतरी तेथे आहे. आपल्याकडे रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या असतात, आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे थोडी डावी ओढ निर्दोष गाडीलाही असते. त्यात माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांच्या डाव्या कडा खचलेल्या असतात. म्हणून ही चाचणी दुभाजक असलेल्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर सकाळी लवकर घ्यावी, आणि एकदा उजव्या मार्गिकेतून चालवून पाहावी. हात स्टेअरिंगपासून सोडायचे ते बोटभर अंतरावर ठेवून, दूर नेऊन नव्हे. उजव्या मार्गिकेतही गाडी डावीकडेच जात असेल तर रस्त्याचा दोष नाही.

मग तीन शक्यता उरतात. पहिली, डावा ब्रेक थोडा अडकलेला असणे. दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक लावत गाडी चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमांजवळ, स्पर्श न करता, तळहात न्या; एका बाजूची धग स्पष्टपणे जास्त असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकपॅड दाबणारा भाग, पाहावा लागेल. दुसरी शक्यता टायरच्या घडणीतील दोषाची. आपली स्टेपनी त्याच मापाची असेल तर ती डाव्या पुढच्या चाकाच्या जागी लावून पाहा. ओढ तशीच राहिली तर टायर दोषमुक्त झाला, आणि तो धोकादायक टायरही तेवढ्यापुरता रस्त्यावरून उतरला. तिसरी शक्यता कॅस्टरची आहे आणि माझा संशय तिच्यावर आहे. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल. तो टायर फारसा खात नाही, म्हणून बहुतेक दुकानांत मोजलाही जात नाही; पण गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी झाला त्या बाजूला ओढते. खड्ड्याच्या कडेवर आपटलेले चाक मागे ढकलले जाते. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या चौकटीशी जोडणारा आडवा भाग, वाकतो किंवा तो चौकटीला जेथे जोडलेला असतो तेथला मागचा मोठा रबरी बुश फाटतो, चाकाचा खालचा सांधा मागे सरकतो, आणि डावा कॅस्टर कमी होतो. खड्डा डावा, ओढ डावी, झीज डावी. तिन्ही गोष्टी एका भागाकडे बोट दाखवत आहेत.

या बुशकडे मी इतक्या आग्रहाने का पाहतो याला कारण आहे. मी १९९४ पासून इंदुरात हे काम करतो आहे. सुरुवातीच्या काळात आपल्यासारखीच तक्रार असलेली एक गाडी माझ्याकडे तीन वेळा आली. तिन्ही वेळा मी टो अगदी अचूक बसवून दिला, आणि तिन्ही वेळा तो पुढच्या खेपेला अचूकच आढळला, तरीही टायर झिजतच राहिले. चौथ्या वेळी मी मालकांना गाडीत बसवले, इंजिन सुरू ठेवून पहिला गिअर आणि मग रिव्हर्स असा हलका जोर आळीपाळीने ब्रेकविरुद्ध द्यायला सांगितले, आणि स्वतः बाजूला खाली वाकून पाहिले. उजवे चाक पुढे-मागे जवळजवळ बोटभर सरकत होते. बुशचे रबर लोखंडापासून पूर्ण सुटले होते. उभ्या गाडीत ते आपल्या जागी येऊन बसे, म्हणून यंत्राला काही दिसत नसे. ब्रेक लागला की चाक मागे जाई आणि टो बाहेर पडे. त्या गृहस्थांचे टायरांचे दोन जोड माझ्या अपुऱ्या तपासणीमुळे वाया गेले. तेव्हापासून माझ्याकडे ढिलाई तपासल्याशिवाय एकही गाडी यंत्रावर चढत नाही. आपली गाडी महिन्यातून एकदा भेरूघाट उतरते आणि रोज शहरातले असंख्य गतिरोधक ओलांडते. प्रत्येक ब्रेकला फाटलेला बुश आपले काम करत असणार.

ही तपासणी कोणत्याही लिफ्ट असलेल्या कार्यशाळेत अर्ध्या तासात होते, फक्त ती मागावी लागते. चाक अधांतरी असताना घड्याळातील नऊ आणि तीन या जागी धरून हलवल्यास टाय रॉड (स्टेअरिंग रॅकपासून चाकापर्यंत जाणारा, चाक वळवणारा दांडा) याचे टोक आणि रॅक यांमधला प्ले, म्हणजे ढिलाई, कळतो. बारा आणि सहा या जागी धरून हलवल्यास बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा चाकाकडचा सांधा, किंवा बेअरिंग कळते. या वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. त्यानंतर लोअर आर्म आणि चौकटीच्या मध्ये पहार घालून बुश उचकून पाहायचा. वरवरच्या बारीक चिरा वयाच्या असतात, पण पहारीच्या जोराने रबर उघडून आतले लोखंड दिसले तर आर्म बदलायचा. घरी हे करायचेच असेल तर केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली डोके घालू नये. घोडी, म्हणजे गाडी पेलणारा पक्का स्टँड, लावल्याशिवाय नाही. टाय रॉडचे लॉकनट नीट आवळलेले आहेत का, आणि रॅकचे रबरी बूट पिळलेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. अलाइनमेंट घाईत झालेल्या गाड्यांत नट सैल राहिलेला मला अनेकदा सापडला आहे, आणि मग टो महिन्याभरात भटकतो.

कॅम्बर नेमका कोठून आला हे शोधायची पायरी मी मुद्दाम वेगळी ठेवतो, कारण चुकीचा भाग बदलण्यात लोकांचा सर्वाधिक पैसा येथेच जातो. एक ढोबळ पण उपयोगी माप आपण स्वतः घेऊ शकता. दोन्ही बाजूंना सारखे रिम आणि सारखे टायर असतील, तर टायरची आतली भिंत आणि स्ट्रट, म्हणजे शॉकर व स्प्रिंग एकत्र असलेला चाकामागचा उभा भाग, याची नळी यांतील सर्वांत कमी अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डावीकडे ते कमी भरले तर स्ट्रट किंवा नकल, म्हणजे चाकाचे बेअरिंग धरणारा ओतीव भाग, वाकला आहे. अंतर दोन्हीकडे सारखे असून कॅम्बर वेगळा असेल, तर चाक आणि स्ट्रट हा सगळा संच एकत्रच कलला आहे. मग दोष आर्म, खालची क्रॉसमेंबर (आर्म जिला जोडलेले असतात ती आडवी चौकट) किंवा वरचा टॉवर (स्ट्रटचे वरचे टोक धरणारा बॉडीचा भाग) यांपैकी एकात आहे.

हेच काम यंत्र अधिक अचूकपणे करते. त्यासाठी अलाइनमेंटवाल्याला ‘एसएआय’ मोजायला सांगा. समोरून पाहताना वळण्याचा अक्ष जितका आत कललेला असतो तो हा कोन, आणि तो चाके दोन्हीकडे वळवून मोजावा लागतो, म्हणून घाईत टाळला जातो. या कोनात कॅम्बर मिळवला की एकत्रित कोन मिळतो. उदाहरणादाखल समजा, उजवा एसएआय १३ अंश आणि कॅम्बर उणे २० मिनिटे; एकत्रित कोन १२ अंश ४० मिनिटे. डावीकडे एसएआय १४ अंश ५ मिनिटे निघाला, तर त्यातून १ अंश २५ मिनिटे वजा जाऊन पुन्हा १२ अंश ४० मिनिटेच येतात. अशा वेळी स्ट्रट आणि नकल सरळ आहेत, संपूर्ण संच कलला आहे. क्रॉसमेंबर सरकली असेल किंवा टॉवर आत आला असेल. याउलट डावा एसएआय १३ अंशच राहिला, तर एकत्रित कोन ११ अंश ३५ मिनिटे होतो, आणि वाकलेला भाग स्ट्रट किंवा नकल हाच. या दोघांपैकी कोण, हे स्ट्रटचा वरचा नट सैल करून त्याचा दांडा फिरवल्यावर कळते. दांडा फिरताना चाकाचा माथा आत-बाहेर डोलला तर दांडा वाकला आहे. स्ट्रटवर तेलाचा ताजा ओघळ असेल तर निर्णय आणखी सोपा होतो.

येथे एक इशारा मनापासून देतो. काही ठिकाणी साखळी किंवा हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट अथवा नकल जोराने वाकवून ‘कॅम्बर काढून’ दिला जातो आणि कागदावर हिरवा आकडा येतो. ज्या गाडीत कॅम्बरची सोयच नाही, तिच्या कागदावर आधीचा आणि नंतरचा कॅम्बर वेगळा दिसला, तर तो कसा बदलला हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. वाकलेले पोलाद थंड असताना उलटे वाकवले की ते तेथे कमकुवत होते, आणि स्ट्रटचा दांडा व सील यांवर त्याचा परिणाम होतो. चाक ज्याच्या आधाराने गाडीला जोडलेले आहे अशा भागावर हा प्रयोग करू नये. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते, आणि स्ट्रट बदलताना चाकाचा माथा बाहेर ओढून धरून बोल्ट आवळले तर सुमारे अर्ध्या अंशापर्यंत फरक साधता येतो. तेवढी दुरुस्ती योग्य आहे, पण ती वाकलेला भाग बदलल्यानंतरची, त्याच्या ऐवजी करायची नव्हे.

दुरुस्तीचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी डावा लोअर आर्म, कारण तेथे दोष सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे आणि त्याची किंमत दोन टायरांपेक्षा कमी आहे. बुश दोन्ही बाजूंचे सारख्याच वयाचे असतात, म्हणून उजवाही त्याच वेळी तपासून घ्यावा. बसवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: आर्मचे बुशाचे बोल्ट लिफ्टवर चाक लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत, गाडी चाकांवर उभी राहून तिचे वजन बसल्यावर आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळलेले रबर गाडी खाली आल्यावर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. आर्म बदलल्यावर यंत्रावर नुसती मापे घ्यावीत. कॅम्बर उजव्याच्या अर्ध्या अंशाच्या आत आला तर काम तेथेच संपले. नाही आला, तर वरच्या एकत्रित कोनाच्या हिशेबाने पुढचा भाग ठरवावा.

अलाइनमेंटच्या दिवशी शेजारी उभे राहा. सुरुवातीलाच चारही टायरांची हवा थंड असताना सारखी केलेली असावी, डिकीत अनावश्यक वजन नसावे, आणि पडद्यावर आपल्याच गाडीचे मॉडेल व वर्ष निवडलेले असावे. शेजारचे मॉडेल निवडले की चुकीचे माप हिरवे दिसते. रिमवर यंत्राच्या पकडी बसवल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून रिमची वाकडी फिरत हिशेबातून काढली जाते. हे आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाचे, कारण त्या खड्ड्यात रिमही वाकलेली असू शकते. पुढच्या चाकांखालच्या फिरत्या चकत्यांच्या खिळ्या काढलेल्या असाव्यात. स्टेअरिंग सरळ करून कुलूपबंद केल्यावर दोन्ही टाय रॉड लागतील तेवढे फिरवून टो बसवावा. काम झाल्यावर स्टेअरिंग तिरके राहिले तर कोणी ते काढून दात बदलून सरळ बसवू पाहील. तसे करू देऊ नये, कारण रॅकचा मध्य सरकतो आणि एअरबॅगच्या जोडणीलाही धोका असतो. तिरकेपणा टाय रॉडनेच, एक बाजू जितकी लांब तितकी दुसरी आखूड करून, काढायचा असतो. तरीही स्टेअरिंग तिरके राहत असेल आणि ओढ मात्र नसेल, तर मागच्या ॲक्सलची मापे पाहावीत. आपल्या गाडीसारख्या लहान गाड्यांत मागचा दांडा एकसंध असतो आणि तो वाकला तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. तो दोष पुढच्या टोने झाकता येत नाही.

टायरांचा निर्णय सर्वांत शेवटी. डावा टायर रद्दच. उजवा, कडेला ४.४ मिमी उरलेला, स्टेपनी म्हणून चांगला आहे. नवे दोन घ्यावेत, आणि ते पुढे बसवावेत असे दुकानात सांगितले गेले तरी टायर उत्पादकांचा सल्ला नवे टायर मागे बसवण्याचा आहे हे लक्षात ठेवा, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही. मागचे आजचे टायर पुढे येतील. त्यांचीही तीन-तीन मापे आधी घ्या. टायरच्या भिंतीवरील चार आकडी तारीख पाहून घ्या. पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात.

हवेबद्दल आपल्या हवामानामुळे एक वाक्य जोडतो. तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले की या टायरांतील दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. इंदूरच्या मे महिन्यातील दुपार आणि जानेवारीतील पहाट यांत सहज तीस अंशांचे अंतर पडते, म्हणून उन्हाळ्यात भरलेली हवा हिवाळ्यात चार-पाच पीएसआयने कमी निघू शकते. ऋतू बदलला की, आणि एरवीही पंधरा दिवसांनी, गाडी निघण्यापूर्वी थंड टायरची हवा पाहावी.

नवे टायर बसवलेल्या दिवशी चारही टायरांच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचांची मापे किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. पुढची मापे ३,००० किमीला घ्या. त्याआधी फरक मापकाच्या चुकीत हरवतो. एवढ्या अंतरात निरोगी टायर ०.४ ते ०.५ मिमी झिजतो. मागून पुढे आलेल्या डाव्या टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या झिजेत ०.३ मिमीहून अधिक फरक दिसला, तर ती मापे, एसएआयसह नवा कागद आणि स्ट्रट-टायरमधली दोन्ही अंतरे मला कळवा. क्रॉसमेंबरचा विचार मग आपण त्या आकड्यांवरून करू.